पाच सेकंदांचा सौदा

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. भर बाजाराच्या दिवशी, माझ्याच दुकानात, माझ्याच रुमालाखाली हात घालून फसवलं. ते म्हणतात, मी खरं तेच बोललो होतो. बोलले होते, मला मान्य आहे. पण खरं बोलून माणूस फसवता येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात एकही बैल विकलेला नाही.

मी विकलेत. आमच्या जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या आणि आजूबाजूच्या बाजारांत बैलांची दलाली करूनच मी वर आलो. घरचं काही नव्हतं. आधी दुसऱ्यांचे बैल धरून उन्हात उभा राहायचो. मग एका मुरलेल्या दलालांनी मला हाताखाली घेतलं. त्यांना सगळा बाजार चाचा म्हणायचा, मीही तेच म्हणतो. आमच्या त्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरायची. कोणतं बोट, किती बोटं, त्यावर आकडा. वर तोंडाने पाऊसपाण्याची आणि पोराबाळांची चौकशी चालू. चाचांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. समोरचा जे मागतो ते त्याच्या फायद्याचं असतं, म्हणून आधी ते कापायचं, विचार नंतर. आणि रुमालाखाली ज्याचा हात थबकला, तो कच्चा.

बुद्धिबळ मी त्याच बाजारात शिकलो. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की दलाल मंडळी चिंचेखाली पोत्यावर पट मांडत. तिथेही कायदा तोच होता. कुणी प्याद्यावर हात ठेवून विचार करू लागला की चारी बाजूंनी आवाज यायचे, "अरे जल्दी कर, तोवर बैल म्हातारा होईल!" चाचा म्हणायचे, "सामनेवाला सोचने बैठा, तो समझो माल अपना." त्यामुळे मी झटपट खेळायला शिकलो, आणि झटपट खेळणारा तोच हुशार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे मी पंप आणि पाईपचं दुकान टाकलं, पोरगं शिकवलं, त्याचं लग्न केलं, तरी हे डोक्यातून गेलं नाही.

लग्नाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सून जालन्याची. तिचे वडील, म्हणजे माझे व्याही, आमच्याकडे इवाई म्हणतात, कापसाच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर. बारीक अंगाचे, आवाज कधी चढत नाही, खिशातला रुमाल चार घड्यांचा. असा माणूस मला पहिल्यापासूनच धोक्याचा वाटतो. लग्नात त्यांनी मला फेटा बांधला तो साधा सुती. मी मुलाचा बाप. मी तो काढला, घडी केली आणि खुर्चीवर ठेवून दिला. म्हणालो, "इवाई, हा तुमच्या हमालाला होईल." जालन्याच्या बाजारातून रेशमी फेटा येईपर्यंत नवरदेव मांडवाच्या दारात उभा होता. फेटा आला, व्याह्यांनी स्वतःच्या हाताने बांधला, हसून बांधला. माझा हक्क होता, मी घेतला. माझ्या लेखी विषय तिथे संपला होता.

दोन हजार साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती तेव्हा मी दुकानासाठी एक कॉम्प्युटर घेतला. नवा नाही. जालन्यातलं एक ऑफिस बंद पडलं, त्यांचा जुना उचलला, आणि वर टेबल-खुर्ची फुकट लावून घेतली. बिलं करायला पोराला बसवलं, पण त्याचं बूड दुकानात टिकत नसे. सूनबाईच त्यावर काम करू लागली. एक दिवस मी बघतो तर पडद्यावर बुद्धिबळाचा पट.

"हे काय?"

"मामा, मशीन खेळतं आपल्यासंगं. बसा की."

बसलो. तिने विचारलं, "याला एका चालीला किती वेळ द्यायचा?"

"म्हंजी?"

"म्हणजे त्यानं किती वेळ विचार करायचा, ते आपण ठरवायचं."

"मशीनला इचार कराया येळ लागतो? मंग ते मशीन कसलं? कमीत कमी काय हाये ते दे."

तिने एक सेकंद दिला. मी डाव जिंकलो. लगेच दुसरा मांडला, तोही जिंकला. उठलो, समोरच्या टपरीवर गेलो आणि जेवढे लोक बसले होते तेवढ्यांना चहा पाजला. टेंभुर्णीत त्या दिवशी बातमी एकच होती, सेठने कॉम्प्युटरला हरवलं.

आठवडाभर मी रोज त्याला हरवत होतो. मग एके दुपारी ते एकदम बदललं. आधी हत्ती खाल्ला, मग वजीर कोंडला, आणि माझा राजा कोपऱ्यात उभा. मी टेबलावर हात आपटला. "याला झालं काय? काल तर बराबर हरत होता!"

सूनबाई बिलांतून मान वर न करता म्हणाली, "काही न्हाई मामा. मी फक्त दहा सेकंद केले."

"मला न इचारता?"

"तुम्हाला मजा न्हाई येऊन राह्यली, असं वाटलं."

मजा मला भरपूर येत होती. पण त्या दिवसापासून मी त्या मशीनचा पाठलाग सुरू केला, जसा एखाद्या नव्या बैलाचा करतो. त्याचे दात बघितले, चाल बघितली, खाणं बघितलं. एक सेकंद दिला तर मी जिंकायचो. पाच सेकंद दिले तर कधी मी, कधी ते. दहावर मला घाम फुटायचा. एक मिनिट दिलं तर ते मला बाजारातल्या नवशिक्यासारखं हाकलून लावायचं. खेळ तोच, मशीन तेच, खेळणाराही मीच. बदलला होता फक्त वेळ.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायचा. सूनबाईने सांगितलं, ते किती चाली पुढचं बघून राह्यलं, तो हा आकडा. एक, दोन, तीन हे आकडे पापणी लवायच्या आत निघून जायचे. चार जरा थांबायचा. पाचाला चहा गाळून व्हायचा. सहाला तो पिऊन व्हायचा. सात बघायचा असेल तर गोडाऊनमध्ये जाऊन पाईप मोजून यायचे. दर पुढच्या आकड्याला आधीच्यापेक्षा कितीतरी पट वेळ. मला हे लगेच पटलं, कारण रुमालाखाली तेच चालतं. मी एक बोट दाबलं तर समोरचा काय काय करील, त्यातल्या प्रत्येकावर मी काय काय करीन, त्यावर पुन्हा तो. एक पाऊल पुढचं कुणीही बघतो. चौथ्या पावलापर्यंत जो पोचतो तो दलाल. पाचव्यापर्यंत पोचणारे मी दोनच पाहिले. एक चाचा. दुसऱ्याचं पुढे येतंच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. सेकंदावरून दहावर गेलं की ते मशीन पार बदलून जायचं, शेळीचा वाघ व्हायचा. पण पाच मिनिटांवरून दहावर नेलं तर फारसा फरक दिसत नसे. वाघ होता तो जरा मोठा वाघ. दुप्पट वेळ दिला म्हणून अक्कल दुप्पट होत नाही. सुरुवातीचे घास अंगी लागतात, पुढचे नुसते पोटात जातात. मी सूनबाईला म्हणालो, "येळ म्हंजी याचा चारा हाये." ती म्हणाली, "अगदी बरोबर मामा." हे वाक्य तिने नंतर तिच्या वडिलांना सांगितलं असणार, असा माझा संशय आहे.

मी स्वतःवरही हा प्रयोग केला. एक डाव ठरवून सावकाश खेळलो, प्रत्येक चालीला बिडी संपेपर्यंत बसलो. रोजच्यापेक्षा वाईट हरलो. मशीन जास्त वेळ बसलं की त्याला जास्त दिसतं. मी जास्त वेळ बसलो की मला जास्त भीती वाटते. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "मशीन को इज्जत का डर नहीं ना, सेठ."

आता भांडणाकडे येतो. फोनवर व्याह्यांशी बोलताना मी सहज म्हणालो की आमच्या मशीनसारखं बुद्धिबळ जिल्ह्यात कुणाकडे नसेल. ते म्हणाले, "हो का? आमच्या ऑफिसात नवं मशीन आलंय. त्यातही हाच खेळ टाकलाय." सूनबाईने फ्लॉपीवरून नेऊन दिलेला. म्हणजे डोकं एकच, फक्त धडं दोन.

"मंग लावू टक्कर," मी म्हणालो.

"लावू की. पण कशावर?"

पैशावर मी व्याह्यांशी खेळत नाही. बोलता बोलता तेच म्हणाले, "जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याला भर बाजारात फेटा बांधायचा. स्वतःच्या हातानं. रेशमी."

मी हसलो. मी हरलो तर मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला चार लोकांत फेटा बांधायचा? असं आमच्या भागात कुणी पाहिलेलं नव्हतं. पण मी हरणार नव्हतोच. "मंजूर," म्हणालो.

बाजाराच्या दिवशी व्याही जीपमधून आले. मागच्या सीटवर नवं मशीन गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीसारखं मध्ये बसवलेलं. लाइटीचा भरवसा नव्हता म्हणून मी मांडववाल्याचं जनरेटर दाराशी आणून ठेवलं होतं. दोन्ही मशीनं एका टेबलावर शेजारी शेजारी लागली. याची चाल त्याला सांगायची, त्याची याला, हे काम सूनबाईकडे. मी तिला आधीच विचारलं, "तू कुणाकडून?"

"मामा, मी दोघांच्याबी माउसकडून."

दुकानाच्या पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत माणसं उभी. एका बाजूला चाचा स्टुलावर बसलेले. व्याह्यांनी रुमालाने कपाळ टिपलं आणि म्हणाले, "वेळ किती ठेवायचा एका चालीला?"

हा प्रश्न मी काढला नाही, त्यांनी काढला. हे लक्षात ठेवा.

"असं तोंडानं न्हाई," मी म्हणालो. "आमच्या बाजारात आलात, आमच्या रिवाजानं." मी खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकला. लोक खूश झाले. व्याह्यांचा हात आत आला, थंड आणि कोरडा.

त्यांनी माझी तीन बोटं धरली आणि वर सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन मिनिटं."

माझ्या डोक्यात लगेच चाचांचा पहिला धडा. हा तीन मागतो म्हणजे याला जास्त वेळ हवाय. वेळ म्हणजे चारा. याच्या मशीनला चारा जास्त लागत असणार, नवं आहे, मोठं आहे, खादाड असणार. कापा.

"एक," मी एक बोट दाबलं.

"दोन तरी ठेवा, इवाई. घाई कशाची?"

"अर्धं मिनिट."

"अहो, मी तीनवरून दोनवर आलो, तर तुम्ही वर चढायचं सोडून एकवरून अर्ध्यावर आले!"

लोक हसले. मला जोर चढला. "अर्धंबी जास्त हाये."

तेव्हा त्यांनी ते वाक्य म्हटलं. शब्द जसेच्या तसे सांगतो, कारण ते अजून त्यावरच उभे आहेत. हळू आवाजात, माझ्याकडे दयेने बघत ते म्हणाले, "इवाई, माझं ऐका. वेळ कमी करू नका. तुमचं मशीन म्हातारं आहे. त्याला झेपायचं न्हाई."

म्हातारं! माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर! माझी कानशिलं तापली. मी रुमालाखाली त्यांचा पंजा असा दाबला की त्यांचं तोंड वाकडं झालं. "पाच सेकंद! पाचावर एक जास्त न्हाई. हिंमत हाये का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक निःश्वास सोडला. आता विचार करतो तर तो निःश्वास फार सुबक होता. "बरं बुवा," म्हणाले, "तुमच्यापुढं कोणाचं चालतंय."

मी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि लोकांकडे बघून हसलो. तीन मिनिटांवरून पाच सेकंदांवर आणलं होतं. एवढं कापून सौदा मी कधी पक्का केला नव्हता. फक्त चाचा स्टुलावर कपाळाला हात लावून बसले होते. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

डाव सुरू झाला. पहिल्या काही चाली सारख्याच गेल्या. मग माझ्या मशीनला बाजूचं एक प्यादं मोकळं दिसलं. कुणाचाच पाठिंबा नसलेलं, फुकटचं. कोपऱ्यात आकडा तीन होता, जेमतेम चार झाला, पाच सेकंद संपले आणि आमच्या वजिराने ते प्यादं उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. शेजारच्या पडद्यावर आकडा सहा होता.

नव्या मशीनने घोडा सरकवला. मग एक उंट मागे घेतला, अगदी सहज, जसा कुणी दार लोटून घेतो. आणि आमचा वजीर आत अडकला. तोंडात प्यादं, मागे भिंत. वांग्याच्या शेतात शिरलेल्या वासरासारखा. वजीर गेल्यावर बाकीचं काय सांगायचं? आमचा चहाही निवला नव्हता आणि मात झाली.

"दुसरा मांडा," मी ओरडलो. दुसराही मांडला. त्यात हत्ती गेला, मग राजा. जनरेटरचा आवाज एवढा मोठा होता तरी मला चाचांचं बोलणं ऐकू आलं. "सेठ, घास दोनों की काटी तुमने. उसका बैल मोटा था, दुबला तो अपना था."

तेव्हा मला कळलं. चारा कापला तो दोघांचाही कापला. मोठं मशीन पाच सेकंदांतही पोटभर खाऊन घेतं. माझं तेवढ्या वेळात दावणीपर्यंतच पोचतं. जुन्या मशीनला वेळ हाच एक आधार होता आणि तो मी स्वतःच्या बोटांनी दाबून काढून घेतला.

फेटा बांधला. बोलीला मी पक्का आहे. रेशमी, भगवा, समोरच्या कापडवाल्याकडून आणला. व्याही पायरीवर ताठ बसले. त्यांचं डोकं लहान, फेटा सारखा कानावर उतरायचा, मला तीनदा बांधावा लागला आणि तिन्ही वेळेस लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई भाजीची पाटी खाली ठेवून बघत होती. म्हणाली, "आता गं बया, मुलाकडचे बांधून राह्यले!" व्याही हळूच म्हणाले, "इवाई, हमालाला होईल का हा?"

म्हणजे इतकी वर्षं ते सुती फेट्याची घडी डोक्यात ठेवून होते. नवरदेव दारात उभा होता तेव्हा ते हसले होते, आणि मी त्या हसण्याचं पुढचं पाऊल बघितलंच नव्हतं.

ते रात्री आमच्याकडेच राहिले. सकाळी नाश्त्याला पोहे होते. मी बशी तशीच ठेवली. उठून दुकानात गेलो तर सूनबाई आधीच मशीनपुढे. तिने कालचाच डाव मांडला होता, नेमका त्या जागी, जिथे आमच्या वजिराने प्यादं उचललं.

"मामा, इकडं या. बघा आता. दोन मिनिटं दिलीत याला."

आकडा तीन. खाली आमच्या मशीनची पसंती दिसत होती, वजिराने प्यादं खायचं. आकडा चार. तेच, प्यादं खायचं. आकडा पाच झाला, आणि बराच वेळ काही झालं नाही. मी पडद्यात नाक खुपसून उभा. आणि मग त्या म्हाताऱ्या मशीनने आपला हात मागे घेतला. खरंच सांगतो, पसंती बदलली. प्यादं सोडून दिलं. वजीर जागेवर ठेवला आणि एक साधा घोडा पुढे केला. त्याला दार दिसलं होतं. काल जे दार बंद झालं, ते त्याला आज आधीच दिसलं होतं.

"अक्कल होती त्याला!" मी ओरडलो. "होतीच! फक्त येळ न्हवता!"

तिने तो डाव दोन-दोन मिनिटांवर पुढे चालवला. नवं मशीन जास्त पुढचं बघत होतं, आकडे दिसतच होते. पण आमचंही आता आंधळं नव्हतं. दुपारपर्यंत दोघांकडे एकेक राजा आणि एकेक प्यादं उरलं, समोरासमोर अडलेलं. बरोबरी. मग तिने तीन मिनिटांवर नवा डाव लावला, तोही संध्याकाळी बरोबरीत सुटला. तीन मिनिटं! म्हणजे जी पहिली बोली व्याह्यांनी लावली होती, ती मी मुकाट्याने घेतली असती तर फेटा कुणालाच बांधावा लागला नसता.

मी व्याह्यांना हाक मारली. ते चिवड्याची बशी घेऊनच आले, डोक्यावर फेटा तसाच.

"हे बघा! बराबरी!"

"वा. छान खेळलं की म्हातारं."

"मंग कालचा डाव रद्द."

"असं कसं, इवाई? सौदा तुम्हीच पक्का केला. मी तर तीन म्हणालो होतो. वर सांगितलंबी होतं, वेळ कमी करू नका. आहेत ना साक्षीदार?"

मी रुमालाने पडद्यावरची धूळ पुसायला घेतली. मग सूनबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हसता हसता बोलून गेली, "मामा, माझ्या अण्णांनी ऑफिसात आपल्यासारख्याच एका जुन्या मशीनची नव्याशी टक्कर आधीच लावून पाह्यली होती. सगळ्या वेळांवर. पाच सेकंदांवर जुनं कधीच टिकत न्हाई, तीन मिनिटांवर बऱ्याचदा टिकतं, हे त्यांना आधीच माहीत होतं."

मी व्याह्यांकडे बघितलं. ते बशीतले शेंगदाणे वेचत होते.

म्हणजे त्यांना पाच सेकंद हवे होते. पाच मागितले असते तर मी पन्नास म्हणालो असतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तीन मिनिटं मागितली. अर्ध्यावर मी थांबेन असं वाटलं, तेव्हा त्यांनी मला खरा सल्ला दिला, पण अशा सुरात, अशा शब्दांत, अशा लोकांसमोर, की माझ्यासारखा माणूस त्याच्या उलटच जाईल. खरं बोलून त्यांनी मला खड्ड्यात लोटलं. पाचवं पाऊल बघणारा दुसरा माणूस म्हणालो होतो, तो हा.

चाचांपुढे मी सगळी तक्रार मांडली. त्यांनी ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली आणि विचारलं, "इस आदमी को मंडी में किसी ने लाया नहीं कभी? बिलकुल अपनी लाइन का है." आणि मीच कसा नमुना गिऱ्हाईक सापडलो, यावर दिवसभर हसत राहिले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नातवंडं शाळेत जातात. व्याह्यांचं ते नवं मशीन केव्हाच भंगारात गेलं, त्यानंतरची दोन गेली. माझं म्हातारं मशीन अजून आहे. बिलं त्याच्यावर होत नाहीत, पण बुद्धिबळ होतं. मी त्याला पाहिजे तेवढा वेळ देतो. कधी सकाळी एक चाल खेळतो, दुकान बघतो, जेवतो, आणि आल्यावर त्याचं उत्तर बघतो. त्याचा माझ्यावर राग नाही. आमच्या दोघांत आता बाजार नाही.

पण व्याही! आमच्या घरी बारसं असो, वास्तुशांत असो, मुंज असो, ते प्रत्येक वेळेस तोच भगवा रेशमी फेटा घालून येतात. धुतलेला, इस्त्री केलेला. लोक विचारतात, कुणी बांधला एवढा छान? ते माझ्याकडे बोट करतात, आणि मला हसून नमस्कार घ्यावा लागतो. सूनबाई स्वयंपाकघरातून बघत असते. तिला विचारलं, तू त्यांना आमच्या मशीनचं काय काय सांगितलं होतंस, तर म्हणते, "काही न्हाई मामा, तुम्ही म्हणालात ना चारा, तेवढंच."

तिला मी सोडून देतो. लेकीने बापाला एक शब्द सांगितला, त्याला काय म्हणायचं. पण तिच्या बापाला मी सोडत नाही, आणि म्हणून हे सगळं लिहून काढलं. येत्या दिवाळीला ते येतील, फेटा घालूनच येतील. तेव्हा त्यांनी माझ्या दुकानात, त्याच टेबलापाशी, चाचांच्या समोर बसावं आणि गोल गोल न बोलता सांगावं. तुम्हाला पाच हवे असताना तुम्ही तीन मिनिटं का मागितली? आणि खरंच माझी काळजी होती तर माझ्या म्हाताऱ्या मशीनला म्हातारं म्हणताना तुमचा आवाज एवढा गोड का होता? उत्तर द्या, इवाई. वेळ पाहिजे तेवढा घ्या, या बाबतीत मी एक सेकंदही कापणार नाही. पण उत्तर दिल्याशिवाय तो फेटा घालून माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.